संगणकाची मालकी आणि ताबा

संगणक विकत घेणे वेगळे आणि तो ताब्यात असणे वेगळे. दुकानदाराने पावती फाडली की यंत्राची मालकी ग्राहकाकडे येते. पण त्यावर कोणती कार्यप्रणाली चालावी, ती किती वर्षे चालावी, आज लिहिलेली फाइल दहा वर्षांनी कशात उघडावी, पैसे मोजून घेतलेला खेळ कधीपर्यंत खेळता यावा आणि वापरणाऱ्याची माहिती कोणाकोणाकडे जावी, हे निर्णय बहुतेक वेळा दुसराच कोणी घेतलेला असतो. यंत्र, सॉफ्टवेअर, खेळ आणि खासगी माहिती हे चार विषय वेगवेगळे दिसत असले तरी चारहींच्या मुळाशी ताब्याचा प्रश्न आहे.

हा प्रश्न संगणकाच्या हौशी जाणकारांपुरता उरलेला नाही. वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले वडनेर हे नागपूर-हैदराबाद महामार्गावरचे गाव. कापूस, सोयाबीन आणि तूर ही या पट्ट्याची पिके. इथल्या एखाद्या शेतकऱ्याने आयुष्यात संगणकाला हात लावला नसेल. तरीही त्याचा सातबारा, पेरा, आधार आणि बँक खाते संगणकातच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो शेतातूनच, जागेच्या नोंदीसह जाऊ लागला. एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक लागू लागला. २०२५-२६च्या हंगामात हमीभावाने कापूस विकण्यासाठी भारतीय कापूस महामंडळाने ‘कपास किसान’ या अ‍ॅपवर नोंदणी मागितली. सॉफ्टवेअर कोणाच्या ताब्यात आहे हा प्रश्न असा थेट शेताच्या बांधापर्यंत पोहोचला आहे.

यंत्र: किती काळ टिकते, किती काळ टिकू दिले जाते

संगणक जुना झाला म्हणजे तो बिघडला असे नाही. दहा वर्षांपूर्वीच्या डेस्कटॉपचा प्रोसेसर पत्रलेखन, हिशेब, इंटरनेट आणि व्हिडिओ यांना आजही पुरतो. असा संगणक मंदावतो तो बहुधा हार्ड डिस्कमुळे. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरत्या तबकडीवर वाचक भुजा सरकवून माहिती शोधावी लागते. विखुरलेले छोटे तुकडे वाचताना तिला सेकंदाला शंभरेक शोध जमतात. एसएसडी या नव्या प्रकारच्या डिस्कमध्ये हलणारा भागच नसतो आणि तिला त्याच वेळात हजारो शोध जमतात. म्हणून जुन्या यंत्रात एसएसडी बसवणे आणि रॅम आठ जीबीपर्यंत नेणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि सर्वांत जास्त फरक पाडणारा बदल ठरतो.

अशी दुरुस्ती शक्य असणे हाच ताब्याचा पहिला भाग. डेस्कटॉपचे झाकण चार स्क्रू काढले की उघडते आणि आतला प्रत्येक भाग बदलता येतो. पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मदरबोर्डवरच डाखलेली असते. ती वाढवता येत नाही आणि बिघडली तर अख्खा बोर्ड बदलावा लागतो. खरेदी करताना ग्राहक प्रोसेसरचे नाव विचारतो. रॅम आणि डिस्क बदलता येते का, बॅटरी वेगळी मिळते का, हे त्याहून महत्त्वाचे प्रश्न आहेत. केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ साली दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी त्यासाठी एक पोर्टलही सुरू केले. तरी अशी दुरुस्ती नाकारणाऱ्या उत्पादकावर बंधन घालणारा स्वतंत्र कायदा अजून झालेला नाही.

यंत्र धडधाकट असूनही ते बाद ठरण्याचे मोठे उदाहरण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी घडले. २०१५ साली आलेल्या विंडोज १०ची नियमित सुरक्षा अद्यतने त्या दिवशी थांबली. घरगुती वापरकर्त्यांना एका वर्षाची मुदतवाढ मिळाली, पण ती मुदतवाढच. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि साधारण २०१७नंतरचा प्रोसेसर लागतो. त्याआधीचे चालते-बोलते संगणक त्या यादीतच नाहीत.

अद्यतनाविना चालणारी कार्यप्रणाली धोक्याची असते आणि याचा अनुभव महाराष्ट्राला आहे. २७ जून २०१७ रोजी ‘नॉटपेट्या’ हा घातक प्रोग्रॅम जगभर पसरला आणि उरणजवळच्या जवाहरलाल नेहरू बंदरातल्या एका टर्मिनलचे कामकाज ठप्प झाले. तो पसरताना विंडोजमधली जी त्रुटी वापरत होता, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. अद्यतन म्हणजे कामात येणारा व्यत्यय असे समजून ते पुढे ढकलत राहण्याची सवय किती महाग पडते, हे त्या दिवशी कंटेनरांच्या रांगांनी दाखवले.

सॉफ्टवेअर: चार स्वातंत्र्ये

विंडोज ११च्या यादीत न बसलेल्या संगणकाला भंगारात काढण्याची गरज नाही. त्याच्यासाठी लिनक्स आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३मध्ये जीएनयू प्रकल्प जाहीर केला आणि ऑगस्ट १९९१मध्ये फिनलंडमधल्या लायनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा लिहीत असल्याचे कळवले. या दोन कामांच्या मिलाफातून आजची लिनक्स कार्यप्रणाली उभी राहिली. मुक्त सॉफ्टवेअरची व्याख्या चार स्वातंत्र्यांवर उभी आहे: प्रोग्रॅम कोणत्याही कामासाठी चालवणे, त्याची रचना अभ्यासून त्यात बदल करणे, त्याच्या प्रती वाटणे आणि बदललेल्या प्रतीही वाटणे. फुकट मिळणे हा त्याचा दुय्यम फायदा आहे. मुख्य फायदा असा, की कंपनीने हात काढून घेतला तरी दुसरे कोणी ते काम पुढे नेऊ शकते.

लिनक्स मिंटसारखी आवृत्ती पेनड्राइव्हवर घेऊन संगणकात काहीही न बदलता थेट चालवून पाहता येते. वायफाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर ओळखला जातो का, हे तपासून मगच ती कायमची बसवावी. लिब्रे ऑफिस, फायरफॉक्स आणि व्हीएलसी एवढ्यावर घरातली आणि शाळेतली बहुतेक कामे भागतात. शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे दृक्‌श्राव्य पाठ आहेत आणि त्यातले अनेक मराठीत ऐकता येतात. राज्यात २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने गावोगावी संगणक शिकवला. तो मुख्यतः विंडोज आणि मायक्रोसॉफ्ट ऑफिस यांच्या आधारे. त्यामुळे संगणक येणे म्हणजे त्या दोन गोष्टी येणे अशी समजूत रुजली. शाळेच्या संगणक खोलीत दोन्ही प्रकारच्या प्रणाली असल्या तर मुलांना साधन आणि ज्ञान यांतला फरक कळतो.

लिनक्सच्या मर्यादाही खऱ्या आहेत. टॅलीसारखे हिशेबाचे सॉफ्टवेअर, डिजिटल सहीची काही उपकरणे आणि अंगठा घेणारी अनेक यंत्रे विंडोज गृहीत धरूनच बनवलेली असतात. त्यामुळे गावात ऑनलाइन अर्ज भरून देणारे सेवा केंद्र चालवणाऱ्याने एकदम सगळे बदलण्याच्या भानगडीत पडू नये. घरचा, शाळेचा आणि वाचनालयाचा जुना संगणक ही लिनक्सची योग्य सुरुवात.

मराठी मजकूर: बंद साच्याची किंमत

बंद सॉफ्टवेअरची किंमत मराठी माणसाने आपल्या लिपीतच मोजली आहे. विदर्भातल्या टायपिंगच्या आणि डीटीपीच्या दुकानांत कित्येक वर्षे कृती देव किंवा श्री-लिपी यांसारख्या फॉन्टमध्ये काम चालले. या जुन्या फॉन्टांमध्ये साठवलेली अक्षरे प्रत्यक्षात रोमन किंवा इतर चिन्हांच्या क्रमांकांवर बसवलेली असत; देवनागरी फक्त पडद्यावर आणि कागदावर दिसे. ती फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की ग्रामसभेच्या ठरावाच्या किंवा लग्नपत्रिकेच्या जागी इंग्रजी अक्षरे, कंस आणि स्वल्पविराम यांचा गोंधळ दिसतो. एका फॉन्टमधले दुसऱ्यात नेले तर पुन्हा वेगळाच गोंधळ. अशा मजकुरात नाव शोधता येत नाही, अकारविल्हे यादी लागत नाही. पतसंस्थांच्या अहवालांपासून गावोगावच्या स्मरणिकांपर्यंत कितीतरी मराठी मजकूर असा कुलूपबंद पडून आहे.

यावरचा तोडगा खुल्या मानकांतून आला. पुण्यातल्या सी-डॅकने (प्रगत संगणन विकास केंद्र, स्थापना १९८८) भारतीय लिप्यांसाठीचे जिस्ट तंत्रज्ञान पुढे विकसित केले. १९९१ साली इस्की हे भारतीय मानक ठरले आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्वतःची १२८ जागांची पट्टी मिळाली. युनिकोडमधला मराठी मजकूर फोन, विंडोज आणि लिनक्स यांवर सारखाच उघडतो. इन्स्क्रिप्ट कळफलकही या सर्व ठिकाणी एकच असतो. पुण्यातून पुढे आलेले ‘लोहित’ आणि मुंबईच्या ‘एक टाइप’ने घडवलेले ‘मुक्त’ हे फॉन्ट खुल्या परवान्यावर मिळतात, म्हणजे ते छापायला, वाटायला आणि सुधारायला कोणाची परवानगी लागत नाही. जुने मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून ठेवणे हे आज प्रत्येक संस्थेच्या कार्यालयाने हाती घ्यावे असे काम आहे. ते जितके लांबेल तितके तो जुना फॉन्ट आणि तो चालवणारा संगणक मिळणे कठीण होत जाईल.

खेळ: विकत की भाड्याने

खेळांच्या जगात ताब्याचा प्रश्न सर्वांत उघडा दिसतो. एके काळी खेळाची सीडी कपाटात असे आणि ती हवी तेव्हा लागे. आता बहुतेक खेळ डाउनलोड होतात आणि त्यांच्यासोबत मिळतो तो वापराचा परवाना. युबीसॉफ्टचा २०१४ साली आलेला ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ एकट्याने खेळतानाही कंपनीच्या सर्व्हरशी जोडलेला लागे. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि पैसे मोजून घेतलेला खेळ चालेनासा झाला. त्यातून युरोपात ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली आणि २०२५मध्ये तिच्या मागणीने दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. मागणी साधी आहे: विक्री थांबवा, पण विकलेला खेळ खेळण्याजोगा ठेवा. जीओजी हे ऑनलाइन दुकान कुलूप नसलेले खेळ विकते. त्यांची प्रत उतरवून स्वतःच्या डिस्कवर कायम ठेवता येते.

भारतातले बहुतेक खेळाडू संगणकावर नव्हे, मोबाइलवर खेळतात. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९अ खाली पबजी मोबाइल या खेळासह ११८ अ‍ॅपवर बंदी घातली. वापरकर्त्यांची माहिती परवानगीविना देशाबाहेरच्या सर्व्हरवर जाते हे त्यामागचे एक कारण सरकारने दिले. जुलै २०२१मध्ये क्राफ्टन कंपनीने तोच खेळ बीजीएमआय या नावाने आणला. जुलै २०२२मध्ये तोही हटवला गेला आणि मे २०२३मध्ये परतला. खेळाडूंनी पैसे घालून घेतलेले पोशाख आणि शस्त्रांचे रंग त्यांच्या फोनमध्ये कधीच नव्हते. ते कंपनीच्या सर्व्हरवरच्या नोंदी होत्या. सर्व्हर चालू असेल तोवर त्यांना अर्थ.

काही खेळ फसवेगिरी रोखण्यासाठी कार्यप्रणालीच्या सर्वांत आतल्या थरात, कर्नलमध्ये, पहारेकरी प्रोग्रॅम बसवतात. ‘व्हॅलोरंट’चा ‘व्हॅनगार्ड’ हे त्याचे ठळक उदाहरण. संगणक सुरू होताच तो जागा होतो. ज्या यंत्रावर बँकेचे व्यवहार आणि घरची कागदपत्रे आहेत, त्याच्या आतल्या खोलीची किल्ली एका खेळाला द्यावी का, याचा विचार खेळाडूने आधी करावा. शक्य असल्यास असा खेळ वेगळ्या संगणकावर ठेवावा.

पैशांच्या खेळांचा प्रश्न निराळा आणि अधिक गंभीर आहे. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, त्यांच्या जाहिराती आणि त्यांच्यासाठीचे आर्थिक व्यवहार यांवर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा भेद त्यात उरला नाही. त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सला मान्यता दिली. खेळ बनवणे हा महाराष्ट्रात खरा उद्योग आहे, हेही विसरता कामा नये. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० साली जगभर खेळला गेला. पुण्याच्याच सुपरगेमिंगने २०२४ साली ‘इंडस’ आणला. खेळात रमणाऱ्या मुलाला या बाजूची ओळख करून दिली, तर त्याच्या आवडीला दिशा मिळते.

खासगी माहिती: टेंभलीपासून सेवा केंद्रापर्यंत

देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात एका आदिवासी महिलेला दिला गेला. त्यानंतरच्या दशकात रेशन, बँक, मोबाइल, शिष्यवृत्ती असे सगळे त्या बारा अंकी क्रमांकाला जोडले जाऊ लागले. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे का, हा प्रश्न त्यातूनच सर्वोच्च न्यायालयासमोर आला. १९५४ आणि १९६२ सालच्या दोन जुन्या निकालांच्या आधारे सरकारने असा हक्क नसल्याचे म्हटले होते. निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी यांच्या याचिकेवर नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने निकाल दिला: खासगीपणा हा जीविताच्या आणि स्वातंत्र्याच्या हक्काचाच भाग आहे. या पीठात नागपूरचे न्यायमूर्ती शरद बोबडे होते आणि त्यांनी स्वतंत्र सहमतीचे निकालपत्र लिहिले. राज्याला या हक्कावर मर्यादा घालायची असेल तर त्यासाठी कायदा हवा, उद्देश रास्त हवा आणि उपाय प्रमाणात हवा, असे या निकालाने सांगितले. २२ ऑक्टोबर २०१९ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने याच आधारावर एका व्यावसायिकाचे फोन चोरून ऐकण्याचे आदेश रद्द केले. २६ सप्टेंबर २०१८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी अनुदानासाठी आधार वैध ठरवले, मात्र मोबाइल आणि बँक खात्याला त्याची सक्ती रद्द केली.

न्यायालयात मान्य झालेला हा हक्क गावातल्या टेबलावर कसा सांडतो, हे जवळून पाहण्यासारखे आहे. शेतकरी आधार, सातबारा आणि पासबुकाचे फोटो सेवा केंद्राच्या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवतो. केंद्रचालक ते संगणकावरच्या व्हॉट्सअ‍ॅपमधून उतरवून छापतो. प्रत निघते आणि काम होते. पण फोटो तीन ठिकाणी राहतो: चालकाच्या फोनमध्ये, व्हॉट्सअ‍ॅपच्या संभाषणात आणि संगणकाच्या डाउनलोडच्या फोल्डरमध्ये, शेकडो अनोळखी लोकांच्या कागदांसोबत. एवढ्यात ओटीपी येतो आणि शेतकरी तो रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठ्याने वाचून दाखवतो. या सगळ्यात कोणाचा वाईट हेतू नसतो. संगणक दुरुस्तीला जातो, विकला जातो किंवा त्यात घातक प्रोग्रॅम शिरतो, तेव्हा तो फोल्डर भलत्याच्या हाती पडतो.

यावरचे उपाय अवघड नाहीत. मास्क्ड आधारमध्ये पहिले आठ अंक झाकलेले असतात आणि ओळख पटवायला ते बहुतेक ठिकाणी पुरते. आधार क्रमांकाऐवजी सोळा अंकी आभासी क्रमांक देता येतो. एमआधार अ‍ॅपमधून अंगठ्याचे ठसे कुलूपबंद करता येतात. ठशावर पैसे काढून देणाऱ्या व्यवस्थेत नकली ठसा वापरून होणारी फसवणूक त्याने अडते आणि गरज पडेल तेव्हा कुलूप काही वेळापुरते उघडता येते. छायाप्रतीवर कशासाठी दिली ते आणि तारीख आडवी लिहावी. केंद्रचालकाने काम झाल्यावर फाइल ग्राहकासमोर पुसावी आणि रिसायकल बिनही रिकामे करावे. असे करणाऱ्या केंद्राकडे लोक विश्वासाने येतील.

फोनमधली गळती कमी दिसते, पण ती सतत चालू असते. टॉर्चच्या अ‍ॅपला संपर्कांची यादी लागत नाही आणि कॅल्क्युलेटरला ठिकाण लागत नाही. सेटिंगमध्ये जाऊन अशा परवानग्या काढून घेतल्या तरी अ‍ॅप चालते; चालले नाही तर ते कशासाठी होते हे कळते. झटपट कर्ज देणाऱ्या बनावट अ‍ॅपनी याच संपर्कयाद्या वापरून कर्जदारांच्या नातेवाइकांना छळले. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरचे संदेश टोकापासून टोकापर्यंत कूटबद्ध असतात, म्हणजे मजकूर मधल्या कोणालाही वाचता येत नाही. पण कोण कोणाशी, कधी, किती वेळा बोलले ही माहिती वेगळी आणि तीही मौल्यवान. व्हॉट्सॲपच्या २०२१च्या खासगीपणा धोरणातून ही माहिती तिची मालक कंपनी मेटाच्या इतर कंपन्यांना देण्याची अट लादल्याबद्दल भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४मध्ये मेटाला २१३ कोटी रुपयांचा दंड केला. सिग्नल हे अ‍ॅप अशी माहिती जवळजवळ साठवतच नाही, हा त्याचा मुख्य गुण.

आपण सगळी काळजी घेतली तरी माहिती ज्या संस्थेकडे आहे तिचे दार मजबूत हवे. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत शिरून सुमारे ९४ कोटी रुपये पळवले गेले. नकली कार्डांनी २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले आणि काही रक्कम हाँगकाँगच्या खात्यात वळवली गेली. यात ग्राहकांची चूक नव्हती. संस्थांना जबाबदार धरणारा कायदा म्हणूनच हवा होता.

कायदा आणि नागरिकाचे हक्क

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याला ११ ऑगस्ट २०२३ रोजी संमती मिळाली आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये अधिसूचित झाले. त्यातल्या मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होतात. माहिती घेणाऱ्याने ती कशासाठी घेतली हे स्पष्ट सांगून संमती घ्यायची आहे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत मागण्याचा हक्क नागरिकाला आहे, म्हणजे मराठीतही. दिलेली संमती परत घेता येते. माहिती दुरुस्त करून किंवा पुसून घेता येते. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला मनाई आहे. हलगर्जीपणाबद्दल २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याची उणी बाजूही मोठी आहे. केंद्र सरकार आपल्या यंत्रणांना त्यातून सूट देऊ शकते आणि माहिती अधिकार कायद्यात केलेल्या बदलामुळे अधिकाऱ्यांची माहिती मागणे कठीण झाले आहे. नागरिकाची माहिती जपण्याचा कायदा सरकारला झाकणारा कायदा होता कामा नये; त्यासाठी आग्रह धरावा लागेल.

फसवणूक झालीच, तर पहिला तास सर्वांत महत्त्वाचा. १९३० या क्रमांकावर लगेच कळवले तर पैसे पुढच्या खात्यांत फिरण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते. पोलीस, सीबीआय किंवा न्यायालय व्हिडिओ कॉलवरून कोणाला अटक करत नाही, आणि कोणतीही बँक ओटीपी विचारत नाही. ई-पीक पाहणी करणाऱ्या शेतकऱ्याला, बीजीएमआय खेळणाऱ्या मुलाला आणि केंद्रावर बसणाऱ्या चालकाला या दोन गोष्टी आणि तो एक क्रमांक पाठ असलाच पाहिजे.